घरी परतण्याची चार कारणं

शुक्रवारी दुपारी कापडाचे लूम बंद असतात, म्हणून आमची ऐकवणी, म्हणजे भाषांतर वाचून तपासायची बैठक, शुक्रवारी दुपारीच असायची. एरवी बुऱ्हाणपुरातल्या त्या गल्लीत खडखडाट एवढा, की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं, आणि धर्मग्रंथ ओरडून वाचण्यात काही अर्थ नाही. गावात शांत जागा काय कमी आहेत? पण त्या माडीवरच्या दोन खोल्या बाईंना आवडल्या होत्या, आणि बाईंना एकदा काही आवडलं की विषय संपला.

बाई म्हणजे भाषांतर करणाऱ्या. अमरावतीकडच्या, ख्रिस्ती, माझ्याहून बऱ्याच लहान. हिब्रू रीतसर शिकलेल्या. यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथातला मजकूर थेट हिब्रूवरून आमच्या तापीकाठच्या बोलीत आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांना मदतीला असा माणूस हवा होता, ज्याला बोली कळते पण ज्याने तो ग्रंथ वाचलेला नाही. मी कागद गिरणीच्या वसाहतीतल्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दोन्ही अटींत बसलो. देवाशी माझं फारसं सख्य नाही आणि भांडणही नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तेच हवंय, सर."

कामाची पद्धत अशी होती. भाषांतराचा एखादा तुकडा तयार झाला, की तो मजकूर कधीच न ऐकलेला गावाकडचा माणूस बोलवायचा. बाई त्याला तो दोनदा वाचून दाखवणार. मग त्याने तो आपल्या शब्दांत, घरी कुणाला सांगावा तसा सांगायचा. तो सांगत असताना बाकीच्यांनी पुतळ्यासारखं बसायचं. मान हलवायची नाही, शब्द सुचवायचा नाही, हसायचंही नाही. त्याने काय गाळलं आणि पदरचं काय घातलं, एवढं मी टिपायचं. सगळ्यात वरचा नियम म्हणजे, ऐकणारा कधीच चुकत नाही, चुकतं ते वाक्य. मी आयुष्यभर याच्या उलट धरून चाललो होतो. वाक्यं बरोबर आणि पोरं गाढव, असा माझा हिशेब. त्यामुळे सुरुवातीला हा नियम माझ्या घशाखाली उतरेना. पुढे मात्र आवडायला लागला.

त्या दिवसांत आमच्यासमोर जो मजकूर होता, तो सैन्य लढाईला निघण्याआधीचा. शत्रूकडे घोडे आणि रथ जास्त आहेत. आधी पुरोहित येऊन सैनिकांना घाबरू नका म्हणतो. मग अंमलदार पुढे येतात आणि सैन्याला विचारतात. कुणी नवं घर बांधलंय आणि अजून त्याची वास्तुशांत केली नाही? त्याने घरी जावं. कुणी द्राक्षाचा मळा लावलाय आणि अजून त्याचं फळ चाखलं नाही? त्यानेही जावं. कुणाचं लग्न ठरलंय आणि अजून झालं नाही? त्यानेही. आणि शेवटी, कुणाला भीती वाटते? ज्याचं काळीज मऊ आहे, त्याने परत जावं. हे सगळे गेले की मग सेनापती नेमायचे.

मला तो तुकडा आवडला, हे कबूल करतो. आमच्या गावावरून दक्षिणेकडे किती फौजा गेल्या, याचे धडे मी पोरांना शिकवले आहेत. कोण जिंकलं, कोण हरलं, तंबू कुठे पडले. निघायच्या आधी कुणी रांगेपुढे उभं राहून "घरी कुणाला जायचंय?" असं विचारल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. बाई मात्र अंमलदार या शब्दावर अडून बसल्या. हे लढणारे अधिकारी नाहीत, नुसती नोंद ठेवणारे आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मग आपल्याकडे त्याला बाबू म्हणतात." बाई हसल्या नाहीत, पण शब्द लिहून घेतला.

ऐकायला मी माझ्या वहिनीला आणलं. थोरल्या भावाची बायको. चांदनी गावाजवळ त्यांची केळीची बाग आहे. वहिनी शाळेत फार गेली नाही, पण गोष्ट सांगायला बसली की माणसं ताटावरून उठत नाहीत. शिवाय जीभ तिखट. बाईंना असंच कुणी तरी हवं होतं.

तिच्या धाकट्या मुलाची त्याच सुमारास सैन्यात निवड झाली होती. भावाने फाट्यावर हा एवढा मोठा बॅनर लावला. त्यावर पोराचा फोटो, भावाचा फोटो, आणि ज्यांचा या निवडीशी काडीचा संबंध नाही अशा पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो. निवड झाली म्हणताच देडतलाईकडची मुलगी सांगून आली आणि साखरपुडाही उरकला. पोरगा महिनाभरात निघणार होता.

पहिल्या शुक्रवारी बाईंनी दोनदा वाचलं. वहिनीने पदर सावरला आणि सुरुवात केली.

"तं मंग ते बाबू लोक आले. म्हणे, ज्यानं नवं घर बांधलं अन् वास्तू नाही केली, त्यानं घरी जा बाप्पा. तू मेला तं वास्तूचं जेवण दुसराच घालीन. ज्यानं केळी लावली अन् पहिला घड देवापुढं नाही ठेवला, त्यानंबी जा. ज्याचा साखरपुडा झाला अन् लगीन नाही झालं, त्यानंबी जा. नाही तं पोरगी दुसऱ्याच्या घरी जाईन. मंग त्यायनं सेनापती नेमले, अन् गेले लढाईले."

द्राक्षांची केळी झाली, हे अपेक्षितच होतं. पण चौथं कारण कुठे गेलं? बाई नियमाप्रमाणे दगडासारख्या बसून होत्या. त्यांनी पुन्हा वाचलं. वहिनीने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा रंगवून, आणि भीतीचं वाक्य पुन्हा गळालं. मी माझ्या कागदावर तेवढंच लिहिलं.

ती जिना उतरून गेल्यावर बाई म्हणाल्या, "वाक्य जड झालंय, सर. मऊ काळीज ओळखीचं वाटत नाहीये. कानाला लागतच नाहीये." आणि लगेच खोडायला बसल्या.

त्या दिवशी मला भावाकडे जायचं होतं, म्हणून शनवारा चौकातून वहिनीबरोबर एकाच रिक्षात बसलो. रिक्षा गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "ते चौथं मले ऐकू आलं, भाऊजी."

मी तिच्याकडे पाहिलं.

"परवा धाकटा बागेत पाणी सोडत होता. मले म्हणे, आई, मले भेव लागते. मले नाही जायचं. मी म्हटलं, चूप. बापाच्या कानावर जाऊ देऊ नको. फाट्यावर फोटो लागला, पोरीच्या बापानं नोकरी पाहूनच पोरगी देली. आता काय सांगू लोकायले? तेव्हापासून तो बोलतच नाही. जेवते अन् उठते." मग ती बाहेर बघत म्हणाली, "ज्या तोंडानं त्याले चूप म्हटलं, त्या तोंडानं ते वाक्य कसं सांगू? मॅडमले नका सांगू बरं."

मी नाही सांगितलं. ते सांगणं माझं नव्हतं. पण मला त्या पोराची काळजी वाटली, आणि भावाचा राग आला. अजून निघायचं होतं, अजून नाही म्हणता येत होतं. तिकडे गेल्यावर ते राहिलं नसतं. मी कितीही त्रयस्थपणाचा आव आणला, तरी त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही.

पुढचा शुक्रवार. बाईंनी वाक्य सोपं केलं होतं. मऊ काळीज काढून सरळ भ्यालेला माणूस आणला होता. वाचताना त्या शब्दावर त्यांनी जरा जोरही दिला. वहिनीने घर सांगितलं, बाग सांगितली, साखरपुडा सांगितला. साखरपुड्याला तर पेढेही वाटले. मग सेनापती.

बाई हवालदिल झाल्या. आठवडाभर त्या एका वाक्याच्या मागे लागल्या. जागा बदलून पाहिली, प्रश्न करून पाहिला, दोन वाक्यं करून पाहिली. दुसरा एक म्हातारा शेतकरी बोलावला, त्याने चारही कारणं धडाधड सांगितली. तरी बाई म्हणाल्या, "एकाला कळलं म्हणजे वाक्य झालं असं नाही. काकूंच्या कानातून ते का निसटतंय?" नियमच तो. ऐकणारी चुकत नाही म्हटल्यावर दोष वाक्याचा, आणि त्या बिचाऱ्या वाक्यात तर काहीच दोष नव्हता. ते इतकं नीट पोहोचलं होतं की सांगणारीला तोंडातून काढवत नव्हतं. मी समोर बसून बाईंचं खोडणं पाहत राहिलो. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

तिसऱ्या शुक्रवारी पोरगा स्वतःच आईला मोटारसायकलवर घेऊन आला. तो वर आला नाही. मी खाली उतरलो, त्याला चहा पाजला. दाढी वाढली होती, हातातला कप तो नुसता फिरवत होता.

"काका, वर काय चालतं तुमचं?"

"लढाईची तयारी," मी म्हटलं.

"तिथंबी तेच का?" तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने, पण जमलं नाही. चार दिवसांनी त्याची गाडी होती.

वर बाईंनी वाचलं. गल्लीत लूम बंद, पंखाही बंद. वहिनीने घर सांगितलं. बाग सांगितली. साखरपुडा सांगताना या वेळी पेढे वाटले नाहीत. तिथे ती थांबली. आम्ही पुतळे झालेले. बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट होती. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. मला त्या नियमाचा त्या क्षणी फार राग आला, पण मी बसून राहिलो.

"अन् ज्याले भेव लागते," वहिनी म्हणाली, "त्यानंबी घरी जावं. त्याले कोणी हसू नये. त्याच्या मायले कोणी नाव ठेवू नये."

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. बाईंचा चेहरा उजळला. वाक्य अखेर लागलं होतं ना! पण पदरचं काही आलं, की तेही विचारायचं असतं. बाई कामात पक्क्या.

"काकू, छान सांगितलंत. फक्त ते शेवटचं, हसू नये, नाव ठेवू नये, ते मी वाचलं नव्हतं. तुम्हाला ते कुठे ऐकू आलं?"

"नाही का त्यात?"

"नाही. हिब्रूत तसं नाही."

"मंग त्याले घरी काहून धाडतात?"

बाईंनी हिब्रू पानावर बोट ठेवलं. "नाही तर त्याच्याबरोबर त्याच्या भावांच्याही काळजाचं पाणी होईल. म्हणून."

वहिनीने ते ऐकलं आणि मान खाली घालून बसली. मला वाटलं, संपलं. तीन शुक्रवार लागले होते तिला त्या वाक्यापर्यंत यायला, आणि आल्यावर हे असं.

"मतलब, त्याच्यासाठी नाही सोडत," ती सावकाश म्हणाली. "बाकीचे भेऊ नये म्हणून सोडतात."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता.

"मंग लोक हसतीन त्याले."

"हसत असतील. त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

वहिनीने हातातली पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद सारखे केले. "पण सोडतात ना?"

"सोडतात."

"त्याले अजून काही विचारत नाही? भेव लागते म्हटलं की बस?"

"बस."

"हौ," वहिनी म्हणाली आणि उठली. बाईंना तिने नमस्कार केला. बाईंना काही कळलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी तिच्यामागे जिना उतरलो.

पोरगा गाडीवर बसून होता. त्याने विचारलं, "झालं? आता बाजारात ना? बॅग घ्यायची हाय."

वहिनी मागे बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी चाल," ती म्हणाली. "बॅग नाही लागत. तुह्या बापाले सांगायचं हाय, पोरगं जात नाही म्हणून. मी सांगते. तू फक्त बाजूले उभा राह्य."

तो मागे वळला नाही. किल्ली फिरवली, पण गाडी सुरू करणं त्याला जमेना. दोन्ही हातांनी हँडल धरून तो तसाच मान खाली घालून बसला. त्याचे खांदे हलत होते आणि तिने त्यावरचा हात काढला नव्हता. घाई कुणालाच नव्हती.