मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या ऐकण्यात नव्हता. जेवताना कुणी पेला टेबलाच्या कडेला ठेवला, की खाली तो पाय फरशीवर दाबला जायचा. टीव्हीवर गाड्या पळायला लागल्या, की सोफ्यापुढची सतरंजी गोळा व्हायची. "मांडी घालून बसत जा हो, माझी सतरंजी तरी टिकेल," बायको म्हणायची. शिकाऊ मुलांच्या शेजारी, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय रोखून उभा जन्म गेला. त्याला मास्तर तरी काय करणार? त्या पायाने किती कोंबड्या, सायकली आणि कुंपणं वाचवली, ते त्यांनाही आठवत नसे.

पण गेल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक पोरगा, नवंकोरं लायसन्स खिशात घालून, मित्रांना गाडीत कोंबून भरधाव निघाला आणि पुलाच्या कठड्यावर आदळून जागीच गेला. त्या गाडीत मास्तरांचा पाय नव्हता. तेव्हापासून तो जास्तच उतावळा झाला. गरज पडायच्या आधीच दाबायला लागला.

मग कायदा कडक झाला. कोवळ्या वयाच्या मुलांची परीक्षा आता भर रहदारीत. परीक्षक मागे, शिकवणारा शेजारी. शिकवणाऱ्याच्या ब्रेकला नुसता बूट टेकला तरी समोर लाल दिवा लागणार. दिवा लागला की नापास, आणि पुढे सहा महिने पुन्हा परीक्षा नाही. "असंच पाहिजे," मास्तर भेटेल त्याला सांगत सुटले. या कात्रीत पहिली आपलीच मुलगी सापडेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मुलीला गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम मिळालं होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. पण गोठे लांब लांब, गाडी चालवता आलीच पाहिजे. पहिल्या तारखेला लायसन्स घेऊन ये, नाहीतर मी दुसऱ्याला घेईन, असं बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"बाबा, परीक्षेला पलीकडे गाडी शिकवणारे काका बसले शेजारी तर?" तिने भीत भीत विचारलं.

"का? मी मेलोय का?"

बायकोने कपाळाला हात लावला.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी उजवा पाय मागे ओढून सीटखाली कोंबला आणि वर डावा पाय अडकवून ठेवला. मागे परीक्षकसाहेब बसले. बाजार आला, बसथांबा आला. मुलगी झकास चालवत होती, पण तिच्याकडे बघायला मास्तरांना फुरसत कुठे होती? ते समोरून येणारं प्रत्येक संकट आधीच अंगावर घेत होते.

शेवटच्या वळणावर एक टेम्पो उभा होता. त्याच्या आडून गादी धरलेला एक माणूस उलटा चालत थेट रस्त्यात आला.

गाडी थांबली, माणसापासून चांगली अलीकडे. आणि समोर लाल दिवा पेटला होता.

"मी दाबला होता, बाबा," मुलगी म्हणाली. "तुमच्या आधी."

ते खरं होतं. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले. एक दाबला की दुसराही खाली जायचा. मास्तरांचा पाय पोचला तेव्हा ब्रेक आधीच खाली गेलेला होता. ते त्यांच्या तळव्याला कळलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, हिने गाडी थांबवली. मी नाही," ते मागे वळून म्हणाले. "माझा पाय उगाच पडला. शपथेवर सांगतो."

"विश्वास आहे मास्तर," साहेब म्हणाले. "पण मला दिव्याचंच ऐकावं लागतं. बापाने बसायचंच कशाला?"

साहेब कचेरीपाशी उतरून गेले. मुलगी रडली नाही. तिने किल्ली काढून वडिलांसमोर धरली. "तुम्ही चालवा."

मास्तरांनी किल्ली घेतली नाही. वाकून बूट काढले, मागे टाकले. मग एकेक पाय हाताने उचलून वर घेतला आणि त्या अरुंद सीटवर, पोट सावरत, मांडी घातली. गुडघा दाराला टेकला, दुसरा गिअरला लागला, तो त्यांनी मागे ओढला.

"चल," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग किल्ली लावली.

टेम्पो अजून तिथेच होता. मास्तरांनी पायाचा अंगठा दोन्ही हातांनी आवळून धरला. मुलीने गाडी हळू केली, आडोशाला कुणी नाही ना ते बघितलं आणि अलगद पुढे काढली.

"सकाळी असं बसायचं होतं, बाबा," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. घर येईपर्यंत त्यांनी अंगठा सोडला नाही.