पुसायचे राहिलेले टिंब

सेलूच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. शेजारी भाऊराव मास्तरांचा धाकटा भाऊ भाजी घेऊन बसतो, ती जागा रिकामी होती. विचारले, तर भाजीवाली म्हणाली, "मास्तर गेले न परवा. तुमाले मालूम नाई, बाबूजी?" हातातली वांगी मी परत ठेवली. त्याला आज पाच आठवडे झाले.

काही वर्षांपूर्वी मास्तर माझ्या मुलीला, कुसुमला, शिकवायला घरी येत. मॅट्रिकला गणितात तिला शंभरात एकवीस गुण पडले होते. पुन्हा नापास झाली तर शाळा बंद आणि स्थळे बघायची, असे मी घरात सांगून टाकले होते. मी कचेरीत नोंदवह्या तपासणारा माणूस. तिला स्वतःच शिकवायला बसलो आणि चार दिवसांत ती माझ्यासमोर बोलेनाशी झाली. तेव्हा मास्तरांना बोलावले. निवृत्त शिक्षक, सकाळी भावाच्या वाफ्यांना पाणी देऊन थेट आमच्याकडे येत, तळपायाची माती पायरीवर धुऊन मगच आत. पहिल्या सात दिवसांत त्यांनी अकराच गणिते घेतली, तीही तिच्याकडूनच वदवून घेत. मी मोजत होतो. पुस्तकात तीनशे बारा आहेत, या चालीने परीक्षा निघून जाईल, असे मी त्यांना ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "तिले तीनशे नाई अडवून राह्यले, बाबूजी. कोनतं तरी एकच अडवून राह्यलं. ते तिचं तिले सापडू द्या."

त्यांची पद्धत अशी, की चुकीच्या गणितावर फुली मारायची नाही. जिथे पाऊल पहिल्यांदा घसरले त्या ओळीसमोर, समासात, पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे. चूक कुसुमने शोधायची, आणि सापडली की टिंब तिनेच पुसायचे. मग त्यात एक दिवस जावो की तीन… एकदा दोन मोटांनी हौद भरण्याच्या गणितावर ती दोन दिवस अडली. एक मोट चार तासांत भरते, दुसरी सहा. दोन्ही मिळून किती? ती पाणी भरायला गेली असताना मला राहवले नाही. तिच्या वळणाचे अक्षर काढून मी गणित पुरे केले. उत्तर आले २·४ तास. खाली लिहिले, दोन तास चाळीस मिनिटे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वही पाहिली, शेवटच्या ओळीसमोर टिंब दिले आणि वही कुसुमकडे न देता माझ्यापुढे सरकवली. "शोधा, बाबूजी." अक्षर त्यांनी ओळखले होते. मी पाहतो, पुन्हा पाहतो, मला काही दिसेना. कुसुमला मात्र दिसले होते; तिचे ओठ हलले, तेवढ्यात ते म्हणाले, "सांगू नोको, बाई. त्याइचं त्याइले सापडू दे. घाई नाई आपल्याले." पाव तास गेला. कोणी हसले नाही, कोणी उसासा टाकला नाही. मग उमगले, तासाची मिनिटे साठ, शंभर नव्हेत. चोवीस हवे होते. मान वर केली तर कुसुम माझ्याकडे पाहत होती, आणि कित्येक दिवसांत प्रथमच तिच्या नजरेत धास्ती नव्हती. पाव तास कोणी मला असा दिला होता, तसा मी तिला एकदाही दिला नव्हता…

शिकवणीच्या वेळी मधल्या खोलीत बसणे मी त्या दिवसापासून सोडले. कुसुम बावन्न गुणांनी उत्तीर्ण झाली. आता ती आष्टीला शाळेत शिकवते.

बातमी कळल्यावर ती दोन दिवसांसाठी आली, तेव्हा आम्ही ती वही काढली. पानामागून पान उलटले, समास स्वच्छ. तिची सगळी टिंबे तिने वेळच्या वेळी पुसलेली. हौदाच्या गणितासमोरचे एक तेवढे तसेच होते. "बाबा, हे तुमचं राह्यलं न," ती म्हणाली आणि खोडरबर माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि वही तशीच मिटली.