ताईचं सिमेंट, माझी चांदी

आधी हे ऐका, बाकीची कामं राहू देत, नाहीतर मी फुटेन!

माझ्या ताईचा पुढचा दात आणि माझी सुळ्यामागची दाढ एकाच वर्षी किडली. आई आम्हाला डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं होतं त्यांचं, शिवणाच्या मशीनसारखं, घुर्रर्र! ताईच्या दातात त्यांनी पांढरं सिमेंट भरलं. इतकं दातासारखं की कुठे भरलंय ते शोधून सापडेना. आणि मला? चांदी!

"मला पण पांढरं भरा ना," मी म्हटलं.

"ते पुढच्या दाताला चालतं. दाढेने चावायचं असतं, तिथे सिमेंट झिजतं. चांदी पक्की."

ती पक्की चांदी थोड्याच दिवसांत काळी पडली. ताई हसली की सगळे तिच्याकडे बघत राहायचे. मी हसले की आत्येभाऊ ओरडायचा, "ए, दातात तीळ अडकलाय बघ!" फोटोत मी आपली ओठ घट्ट मिटून. लोकांना वाटायचं, धाकटी जरा रागीट आहे. होतेच!

पण डॉक्टरांचं ते 'झिजतं' मी धरून बसलेले. आणि काही वर्षांनी खरंच ताईचं सिमेंट पिवळं पडलं, कडेला खड्डा पडला. जिभेला खरखरीत लागतं म्हणाली. मला काय आनंद झाला सांगू!

"आतून किडलं असणार," मी म्हटलं. "आता तुला पण चांदीच."

"गप गं, काळ्या जिभेची!" ताई रडवेलीच झाली.

मी मुद्दाम सोबत गेले. डॉक्टरांनी टोकाला वाकलेली बारीक आकडी घेऊन तिचा दात टोचटोचून बघितला.

"सिमेंट झिजलंय. पण दात ठणठणीत आहे."

"नीट बघा ना डॉक्टर!" हे मी. ताई नाही.

डॉक्टर हसले. "आलीच आहेस तर तूही बस."

बसले. आकडी माझ्या चांदीच्या कडेला गेली आणि अडकली. कळ थेट कानात!

"इथे कीड लागलीय."

"पण चांदी पक्की ना?"

"चांदीला काही झालेलं नाही गं. तिच्या कडेला बारीक फट राहिली, तिथून दात किडलाय."

"आणि हिचं अर्धं सिमेंट गेलं तरी हिला काहीच नाही?"

"सिमेंट झिजतं खरं, पण त्याच्या कडेला कीड फार कमी बघितलीय मी. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही."

आता बोला! घर एक, दंतमंजन एक, आणि लाडू तर तीच जास्त खाते!

"मग आता तरी मला पांढरं भरा," मी हट्टच धरला.

"दाढ आहे बाळ. महिन्याभरात चावून झिजवून टाकशील. चांदीच."

किडलेलं कोरून काढल्यावर खड्डा मोठा झाला, मग चांदीही मोठी. ताईला नवं सिमेंट, पांढरंशुभ्र. बाहेर पडल्यावर तिने माझा हात धरला, "खूप दुखलं का गं?" अगदी मनापासून विचारलं हो तिने. आणि मला दिसत काय होतं, तर तो दात!

तुमच्याकडे कोणाचं झालंय का असं? एकाच घरात, एकाच डॉक्टरांकडे? खरं खरं सांगा हं.