नवसाबाईची बिनविषाची वाईन

आमच्या सासूबाई, नवसाबाई, जन्मात वाईनच्या थेंबाला शिवल्या नाहीत. पण वाईनला मार्क पडावेत म्हणून त्यांनी घर कसं डोक्यावर घेतलं, ते मला विचारा!

दिंडोरीजवळ आमची लाल वाईनच्या द्राक्षांची बाग. २००४ सालची गोष्ट. औषधांची फवारणी सासऱ्यांकडे. आमचे सासरे सावळीराम म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "मी काय नवरी हाय का?" आणि फवारून आले की रात्रभर खोकायचे. सासूबाई लोकांना सांगायच्या, औषधं बंद केली की जमीन सुधारते. मला मात्र चुलीपाशी म्हणाल्या, "रूपाली, जमिनीचं राहू दे गं. मला ह्यांचा खोकला ऐकवत नाय."

भांडून भांडून त्यांनी अर्धी बाग मागून घेतली. तिथं शेण, गोमूत्र, निंबोळीचा अर्क. सासरे नाक मुरडायचे, "शेणाच्या वाईनला कुत्रं विचारणार नाय!" वाईन कंपनीच्या हर्षल साहेबांनी दोन्ही अर्ध्यांची वाईन वेगळी केली. मुंबईचे चव पारखणारे दोघं येऊन मार्क देणार होते. सासऱ्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "तिची वरचढ ठरली तर सगळी बाग तिची. नाय ठरली तर तिच्या अर्ध्यातबी मी फवारणार."

पारखी आधी बाग बघायला आले. जेवायची वेळ. दारात आलेला माणूस उपाशी जाईल? सासूबाईंनी भाकरी, पिठलं आणि लवंगी मिरचीचा ठेचा वाढला. मीच वाढला म्हणा ना, आग्रह करकरून. दोघं बिचारे घामानं न्हाले, नाकं लाल. हर्षल साहेबांनी कपाळावर हात मारला. "काकू, यांना आता पाणी काय नि वाईन काय, सारखंच लागणार!"

"झालं! आपल्याच हातानं घालवलंस," सासरे मिशीत हसले. सासूबाईंचा चेहरा पडला. मला तर रडूच कोसळलं.

पण पारखी निघाले भले. दह्याच्या वाट्या रिचवत म्हणाले, "चव उद्या घेऊ. रात्री पुन्हा जेवायला घाला, फक्त हे हिरवं नको."

सकाळी कागदात गुंडाळलेल्या बाटल्या आल्या. कुणाची कुठली, फक्त साहेबांना ठाऊक. पारख्यांनी हुंगलं, घोळवलं, थुंकलं. सासऱ्यांना ते थुंकणं पाहून भारीच राग आला. मार्क पडले शंभरपैकी: एकीला पंच्याऐंशी, दुसरीला एकोणनव्वद. कागद काढला. एकोणनव्वदवाली सासूबाईंची!

मी टाळ्या वाजवल्या. सासरे गुरगुरले, "चार मार्कांनी काय होतंय?"

सासूबाई उठल्या. "मार्क घाला चुलीत. आता फवारायला जायचं नाय. तुम्ही खोकता, मी रात्रभर तुमच्या उशाशी जागी बसते. तुम्हाला वाटतं, झोपलीये."

पाहुण्यांसमोर सासऱ्यांची मान खाली गेली. म्हणाले, "मंग आधी का नाय बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

"नसतं," सासरे म्हणाले. पहिल्यांदाच कबूल झाले बघा. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "ते शेण कालवायचं कधी असतं? मी येतो."