‘ता तुमचा औषध’

डिचोलीच्या विमा कचेरीतले ते मालवणी गृहस्थ ‘टेस्टोस्टेरॉन’ हा शब्द कधी उच्चारत नसत. खिडकीबाहेर पाहत ‘ता तुमचा औषध’ म्हणत. मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर माझ्या शरीरात ते संप्रेरक बनणं थांबलं होतं. इंजेक्शन चुकलं की जिनासुद्धा चढवत नसे.

“कंपनीन औषधाचा बिल नाकारला. तुमचो रिपोर्ट नॉर्मल इलो.”

“इंजेक्शन घेतो म्हणूनच नॉर्मल आला ना!”

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडे नीट ऐकू जाईना. शेवटी ते उभे राहून ओरडले, “टेस्टोस्टेरॉन! पुरुषाचा! ह्यांच्या आंगात तयारच होत नाय!”

सगळी कचेरी माझ्याकडे वळली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि टेबलाखाली लपावंसंही.

घाम पुसत ते हळूच म्हणाले, “मंजूर झाला. पण कोणाक सांगू नकात.”