रविवारचा बाराचा खेळ

माझा थोरला भाऊ मारला गेला तेव्हा मी सांगलीत डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, वसतिगृहात राहत होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडपासून एसटीनं तासाभरावर. बाजारच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, ओढ्याच्या वाटेवर एका माणसानं त्याला गुप्तीनं भोसकलं. वाद भावकीतला होता, सामाईक विहिरीच्या पाण्याचा. पण मारणारा भावकीतला नव्हता, बाहेरून आणलेला होता. कुणीतरी लांबून बोट करून दाखवलं, तेव्हा त्यानं भावाला एकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं ते मारतानाच.

निरोप मिळताच मी गावी आले होते. जबाब घ्यायला आलेले जमादार आधी मुंबईला नोकरी केलेले. ओसरीवर बसून ते माझ्या चुलत्याला म्हणाले, "ह्याची सुपारी दिली होती."

आई उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, "व्हय, वैशाखातच फोडली सुपारी. पोरगी चांगली हाय."

भावाचं लग्न ठरून महिना झाला होता. जमादार कुठल्या सुपारीबद्दल बोलत होते, हे आईला मी सांगितलं. इतर कुणी तयार होईना.

त्यानंतर आबा, म्हणजे माझे वडील, रविवारी सांगलीला येऊ लागले. पहाटेची गाडी धरून साडेदहा-अकराला वसतिगृहाच्या व्हरांड्यात हजर. आईनं दिलेली भाकरी-चटणी माझ्या हातात द्यायची, अभ्यास कसा चाललाय विचारायचं, पाचदहा मिनिटं पटका मांडीवर घेऊन बसायचं आणि उठायचं. "जरा काम हाय बाजारपेठेत," म्हणायचे. मला वाटायचं, पोरगा गेला म्हणून पोरीत जीव गुंतलाय. मी शनिवारपासून वाट बघायचे.

एका सोमवारी आमच्या रेक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझे वडील काल टॉकीजच्या रांगेत दिसले. मागच्या रविवारीही होते. घरी असं झालंय, आणि इंग्रजी मारामारीचे सिनेमे?"

आबांनी उभ्या आयुष्यात जत्रेतला तंबू सोडला तर सिनेमा पाहिलेला नव्हता. पुढच्या रविवारी ते उठल्यावर मी मागून चालत गेले. टॉकीजवर मोठं पोस्टर होतं. काळा कोट, काळे हातमोजे, हातात पिस्तूल. आबा थर्डच्या, सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या रांगेत उभे होते. मला बघून ते दचकले नाहीत. म्हणाले, "आलीस तर चल."

पैसे घेऊन माणसं मारणाऱ्या एका माणसाचा तो सिनेमा होता. इंग्रजी मलाही फारसं कळत नव्हतं, पण कळण्यासारखं बोलणंच थोडं होतं. तो एका खोलीत एकटा राहायचा. पिस्तूल सुटं करून फडक्यानं पुसायचा. खिडकीत उभा राहून पाव खायचा. मग कोट चढवून जायचा आणि ज्याचं तोंडही धड पाहिलं नाही अशा माणसाला मारून यायचा. त्यानं गोळी घातली की थर्डमध्ये शिट्ट्या पडायच्या. मी मान फिरवली. आबा मात्र पुढं वाकून पाहत होते, शाळेत फळ्यावरचं गणित उतरवून घ्यावं तसे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, कशाला बघता हे?"

ते नदीकडं वळले. घाटावर आल्यावर पायरीवर बसले.

"मारून आल्यावर तो करतो काय, ते बघतो," ते म्हणाले. "जेवतो का. झोप लागती का. आपल्या पोराला मारून गेलेला त्या दिवशी जेवला असंल का, एवढंच मला पायजे."

"सिनेमात खरं थोडंच असतं?"

"न्हाई. पर दुसरीकडं कुठं बघू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही ठाऊक नव्हतं. मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर इटलीत होते. तिथं एका पडक्या घरात त्यांनी एका पोराला अगदी जवळून संगिनीनं मारलं होतं. "मिसरूड बी धड फुटलं नव्हतं. माझं अन् त्याचं काय वैर? सरकारनं सांगितलं, मी मारला. म्हैना झाला की पगार झाला. त्या दिवशी मी जेवलो हुतो, पोरी. चांगला पोटभर जेवलो हुतो."

"आबा, ती लढाई होती."

"व्हय," ते म्हणाले, "समदी तसंच म्हणत्यात."

वर्षभर असं चाललं. पोस्टरवर पिस्तूल असलं की आबा आत. मी पुन्हा कधी बरोबर गेले नाही.

मारणारा पकडला गेला होता. खटला साताऱ्याला चालला. फिर्याद चुलत्यानं दिली होती. आबा साक्षीदार नव्हते, प्रत्येक तारखेला कोर्टात मागच्या बाकावर बसायचे. निकालाच्या दिवशी मी रजा काढून गेले. साक्षीदार आधीच फुटले होते. पुराव्याअभावी तो माणूस सुटला.

चुलते वकिलाशी बोलत राहिले. आम्ही दोघं बाहेर चहाच्या गाडीशी आलो, तर तोही तिथंच बाकड्यावर बसलेला. आखूड पायजमा, टायरच्या वहाणा, गळ्याला मफलर. बरोबर कुणी नव्हतं. मी आबांची बाही ओढली, पण ते जाऊन त्याच्या शेजारी बसले.

त्यानं विडी काढली. "पाव्हणं, काडीपेटी हाय का?"

आबांनी कोपरीच्या खिशातून काडीपेटी काढून दिली.

"कुठलं गाव?" त्यानं विचारलं.

आबांनी गावाचं नाव सांगितलं. काडी ओढता ओढता त्याचा हात थांबला. त्यानं आबांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. विडी पेटवली, काडीपेटी परत दिली आणि जरा वेळानं म्हणाला, "पाऊस झाला का तिकडं?"

"झाला," आबा म्हणाले.

तो चहा न पिताच उठला आणि स्टँडच्या दिशेनं गेला. आबा तिथंच बसून राहिले. चहावाल्यानं त्याचा आणि आबांचा असे दोन कप पुढं ठेवले होते, ते तसेच गार झाले.

पुढच्या रविवारी मी अकरापर्यंत व्हरांड्यात थांबले. आबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. दिवाळीला घरी गेले तेव्हा ते गोठ्यात दावं वळत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, सांगलीला आला नाहीत?"

"आता काय काम हाय तिकडं?" ते म्हणाले.

मग वर बघितलं आणि मी दर रविवारी त्यांची वाट बघायचे, हे त्यांच्या लक्षात आलं. मला राग आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. मी खाली बसले, दाव्याचं दुसरं टोक हातात धरलं. अंधार पडेपर्यंत आम्ही पीळ देत राहिलो, आणि आत आई एकटीच होती, तरी कुणाशी तरी बोलत असल्यासारखा तिचा आवाज येत होता.