बरणीच्या पोटातली चिठ्ठी

"माफी? मी मागू? कित्या? माझ्या कुर्ल्यांनी तेंका चावल्यानी काय?"

"बाय, आवाज बारीक कर," लवू म्हणाला. "ह्या कॉलेजात भिंतीक नुसते कान नाय, व्हॉट्सॲप पण हा."

"आसांदे. ऐकांदेत."

सुचित्रा घाडी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या दिवशी ती विभागाच्या संग्रहालयात स्टुलावर चढून, ओढणी कमरेला बांधून, वरच्या फळीवरची धूळ झाडत होती. खाली स्टूल धरून उभा असलेला लवू तिथला प्रयोगशाळेचा शिपाई. दोघंही मालवणाकडची, म्हणून चारचौघांत 'मॅडम' आणि कोणी नसताना 'बाय'. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हिच्यावर चौकशी समिती बसायची होती, आणि लवूचं म्हणणं एवढंच की दोन ओळी खरडून दे आणि मोकळी हो.

"तू खरडशीत?"

"माका खय गाईड व्हायचा हा?"

तिथंच दुखणं होतं. आळ शाबीत झाला तर सुचित्राची पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून असलेली मान्यता जाणार होती, आणि चोर हे नाव जन्मभर चिकटणार होतं.

तंटा दोनशे बारा बरण्यांचा. सहा वर्षं ही बाई आठवड्यातून दोनदा भल्या पहाटे कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायची. जाळ्यात चांगल्या मासळीबरोबर पुष्कळ घाण येते, कोणी खात नाही असल्या टिचभर कुर्ल्या, म्हणजे खेकडे. कोळणी त्या पायानं बाजूला सारतात. रमाबाई नावाची कोळीण त्या एका डब्यात हिच्यासाठी ठेवायची. "मास्तरीणबाय, भात खाते का या कचऱ्यासंगती?" म्हणून दर खेपेला हसायची. तो कचरा सुचित्रानं धुतला, स्पिरिटात घातला, ओळखला. त्यातल्या दोन जाती मुंबईच्या किनाऱ्यावर आधी कोणी नोंदवलेल्याच नव्हत्या. तिचा लेख बाहेरदेशीच्या मासिकात छापून आला.

आला, आणि डॉ. मनमोहन अजिंक्य जागे झाले.

अजिंक्य सर गिरगावातले, चार पिढ्यांचे मुंबईकर. माणूस विद्वान, वागायला सभ्य, इस्त्री मोडणार नाही असा. पण सुचित्राच्या विभागाचे प्रमुख झाले, मग विद्यापीठाच्या नाना मंडळांवर गेले, आणि बारा वर्षांत त्यांनी बरणीला हात लावला नव्हता. कुर्ल्यांचा प्रकल्प कागदावर त्यांच्या नावे होता, तेव्हा त्यातलं सगळं आपलंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. तीन वर्षांपूर्वी कॉलेजची तपासणी व्हायची होती, तेव्हा त्यांनी छापील चकचकीत पट्ट्या करून घेतल्या होत्या: 'संग्राहक: डॉ. मनमोहन अजिंक्य'. स्वतः उभं राहून तोवर जमलेल्या या दोनशे बाराही बरण्यांवर चिकटवून घेतल्या, अर्धी पट्टी झाकणावर आणि अर्धी काचेवर, म्हणजे कोणी उगाच उघडायला नको. तेव्हा सुचित्रा काही बोलली नाही. बरणी शाबूत आहे ना, मग वर कोणाचं का नाव असेना, असा तिचा हिशेब. चुकलाच तो.

दादरच्या चर्चासत्रात दोनशे मास्तरांसमोर सर उभे राहिले. "घाडी मॅडमनी माझा संग्रह स्वतःच्या नावावर खपवला आहे. त्यांनी लेखी माफी मागावी."

सुचित्रा जागेवरून उठली. "सर, कोळंबी कुठली आणि सुकट कुठली, हे तुम्हाला ताटात वाढल्यावरच कळतं!"

सभागृह खो खो हसलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य चार कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरलं. सरांची तक्रार आली ती दोन कलमी: एक चोरी, दुसरं अशोभनीय भाषा. ग्रुपवर लोक भांडत राहिले, हिनं मात्र तिथं एक अक्षर टाकलं नाही.

आमच्याकडे घाडी म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा. गावाचं दुखणं त्यानं देवापुढं मोठ्यानं मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तसल्या घराण्यातली पोर, ती कोपऱ्यात बसून चॅटवर कशाला कुजबुजेल? मांडायचं तर समोर.

समिती संग्रहालयातच बसली, कारण सुचित्रानं तसं लिहून मागितलं होतं. अध्यक्ष डॉ. नलू गुप्ते, निवृत्त प्राध्यापिका, चष्मा नाकाच्या टोकावर. प्राचार्य त्यांच्या बाजूला. अजिंक्य सरांनी बरण्यांचे फोटो पुढे केले. "नाव स्पष्ट आहे. आणखी काय पुरावा हवा?"

"बाई," सुचित्रा म्हणाली, "तुमच्या मनाला येईल ती बरणी काढा. मी हात लावत नाही."

गुप्तेबाईंनी मागच्या रांगेतली एक दाखवली. लवूनं ती टेबलावर आणली, ब्लेडनं पट्टी कापली, झाकण फिरवलं. स्पिरिटाचा भपकारा आला आणि प्राचार्यांनी रुमाल काढला. सुचित्रानं चिमटा गुप्तेबाईंच्याच हातात दिला. बाईंनी ढवळलं. एक कुर्ली, दुसरी कुर्ली. बाकी काही नाही.

अजिंक्य सर मंद हसले. लवूनं बरणीत डोकावून पाहिलं.

"थोरलीला उलटी करा, बाई. पोटाखाली बघा."

थोरलीच्या पायांत अडकलेला जाड कागदाचा तुकडा वर आला. त्यावर शिसपेन्सिलीचं अक्षर, स्पिरिटात न पुसणारं, काल लिहिल्यासारखं. गुप्तेबाईंनी मोठ्यानं वाचलं: तारीख, मच्छीमार नगर, 'रमाबाईच्या जाळ्यातली. गोळा केली: सु. घाडी.'

"ही चिठ्ठी काल आत टाकली असेल," अजिंक्य सर म्हणाले.

गुप्तेबाईंनी कापलेली पट्टी उजेडाकडे धरली. "मनमोहन, ही पट्टी तुम्ही चिकटवलीत?"

"माझ्या समोर चिकटवली. तीन वर्षांपूर्वी."

"आणि आत्तापर्यंत अखंड होती. झाकणावरून काचेवर. मग काल चिठ्ठी आत गेली कुठून?"

सरांनी फोटो आवरायला घेतले. त्यांनीच लावलेली मोहोर त्यांच्याच अंगावर आली.

गुप्तेबाई काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आणखी पाच बरण्या काढायला लावल्या. पाचही पट्ट्या धड, आणि पाचांच्याही पोटात घाडीबाईचं अक्षर. प्रत्येक चिठ्ठी वाचून झाली की त्या मान वर करत. पाचव्या वेळी लवूला राहवेना. "व्हय म्हाराजा!" तो गरजला. प्राचार्य दचकले, गुप्तेबाई रुमालात हसल्या.

"शिसपेन्सिलीनं लिहून आत टाकायचं, हे हल्ली कोण करतं? सगळे छापील पट्टीवर भागवतात. कोणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी सुचित्राला विचारलं.

"आईनं. ती लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला होती. गिऱ्हाइकं मिरच्यांच्या पिशव्या ठेवून जायची, वर नाव लिहून. तिखटानं आणि तेलाच्या हातांनी ते नाव जायचं आणि बाया झिंज्या उपटायच्या. मग आईनं प्रत्येक पिशवीत मिरच्यांच्या मधोमध चिठ्ठी घालायला सुरुवात केली. म्हणायची, भायरला नाव कोणीय लिवीत. आतला बघूक हात घालूक लागता."

निकाल तिथंच लिहिला गेला. चोरीचा आरोप निराधार. भाषेबद्दल फक्त तोंडी समज. मान्यता कायम. बरण्यांवरच्या पट्ट्या बदलाव्यात, आणि आरोप जिथं केला तिथंच तो मागे घ्यावा.

शनिवारी दादरला त्याच सभागृहात अजिंक्य सर उभे राहिले. अंगावर तोच कडक सदरा, आवाज मात्र उतरलेला. "बरण्या घाडी मॅडमच्या आहेत. माझी चूक झाली." एवढंच बोलले, पण सरळ बोलले. सुचित्राही उठली. "सुकटीचं बोलले ते मी मागे घेते, सर. कुर्ल्या मात्र मागे घेणार नाही." या खेपेला हसणं वेगळं होतं, सरही त्यात सामील होते. टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत तिची पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी खुर्चीवर उभी राहून शिट्टी वाजवत होती. ते अशोभनीय होतं, पण तक्रार कोणी केली नाही.

सोमवारी सकाळी लवू पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सुचित्रा टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होती. पहाटे रमाबाईनं डबा भरून दिला होता आणि आतलं काहीतरी अजून झाकणावर नांग्या आपटत होतं.

"बाय, जितलंस. आज तरी बस गो जरा."

"बसान कशी? दोन वाजता प्रॅक्टिकल हा. पेढो थंय ठेव, स्पिरिटाच्या हातान खावचो नाय." तिनं जाड कागदाची एक पट्टी कापली, तारीख घातली. "आणि ती नवी बरणी धुवन घी, मेल्या. ह्यो मरूच्या आधी बघूक होयो."